चाळीस सेंटिमीटरचा फरक

इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांच्या मध्ये सॉलेंट नावाची समुद्राची पट्टी आहे. इथे शिडाच्या जुन्या बोटींची खरेदी-विक्री अखंड चालू असते, आणि त्या बोटी तपासून देण्यावर माझं पोट चालतं. सर्वेअरने दोष दाखवायचे, कुठली बोट घ्या ते सांगायचं नाही, असा धंद्यातला संकेत आहे. पण त्या शनिवारी गिऱ्हाईक निघालं ठाण्याचं. फोनवर दुसऱ्याच वाक्याला "काका" झालो, मग संकेत कुठला टिकायला!

तरुण जोडपं, दोघंही रेडिंगला नोकरीला. घरभाड्याला कंटाळून बोटीवर राहायचं, सुट्टीत फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत भटकायचं, आणि तिला शर्यतीत उतरायचं होतं. कॉलेजात असताना मुंबई बंदरात डिंगी, म्हणजे शिडाची छोटी होडी, चालवलेली मुलगी, त्यामुळे हौस पोकळ नव्हती. त्यांनी दोन बोटी हेरल्या होत्या: एक कॉन्टेसा 32, दुसरी वेस्टर्ली फुल्मार. एका दिवसात दोन पूर्ण सर्व्हे होत नाहीत, म्हणून आधी दोन्हींची वरवरची पाहणी करू असं ठरलं.

दोन्ही बोटी बत्तीस फुटांच्या आसपास. "एवढीशी चालते का समुद्रात?" त्याने विचारलं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'सुहेली' बत्तीस फुटीच, आणि तीही मुंबईत बांधलेली, सागवानाची. हे ऐकून तो जरा सावरला.

लांबी सारखी असली तरी रुंदीत फरक होता. कॉन्टेसा 2.9 मीटर, फुल्मार साधारण 3.3. हे चाळीस सेंटिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. कॉन्टेसात शिरल्यावर दोन माणसांना एकमेकांना वाट देताना अंग चोरावं लागतं. नवऱ्याची उंची सहा फूट. त्याचं डोकं छताला लागलं. पण याच अरुंदपणावर तिची ख्याती उभी आहे. वजन सुमारे 4.3 टन, त्यातलं जवळजवळ निम्मं खाली कीलमध्ये, म्हणजे तळाला पाण्यात उतरणाऱ्या जड पात्यात. लाटेने सुमारे 155 अंशांपर्यंत, म्हणजे जवळपास पालथी केली तरी ती सरळ व्हायला बघते. 1979 च्या फास्टनेट या खुल्या समुद्रातल्या शिडांच्या शर्यतीत वादळाने 15 खलाशी दगावले. सर्वांत लहान बोटींच्या गटात शर्यत पूर्ण करणारी एकमेव बोट 'असेंट' ही कॉन्टेसा 32 होती. त्या दिवसापासून या बोटीकडे लोक भक्तिभावाने पाहतात, आणि भक्त जरा जास्तच किंमत मोजतात.

मी मात्र भक्त नाही. प्लास्टिकची हातोडी घेऊन डेकवर ठोकत निघालो. नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, खणखणीत आवाज येत होता, तो डोलकाठीचे ताण धरणाऱ्या पट्ट्यांपाशी एकदम बद्द झाला. मॉइश्चर मीटरचा काटाही चढला. डेकच्या दोन फायबर थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. पट्टीभोवतीचं सील गेलं की पाणी मुरतं आणि लाकडाचा लगदा होतो. वरून मात्र रंग चकाचक होता. मालकाने तो नुकताच दिला होता. का दिला, यावर मी तर्क करत बसत नाही.

फुल्मारमध्ये पाऊल टाकताच दोघांचे चेहरे पडले. छताचं अस्तर लग्नमंडपाच्या झालरीसारखं लोंबत होतं. जुन्या वेस्टर्ली बोटींचं हे ठरलेलं दुखणं: अस्तरामागचा फोम कालांतराने भुगा होतो. दिसायला भयंकर, काम वेळखाऊ, पण बोटीच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही. हातोडीला डेक सगळीकडे खणखणीत बोलला. दोष निघाला तो वेगळाच. डोलकाठीचे तारदोर कधी बदलले याची पावतीच नव्हती, आणि दहा वर्षांवरचे तारदोर म्हटलं की विमावाले कुरकुरतात. तो खर्च आजच धरून चाला, असं मी सांगितलं.

स्वयंपाकाच्या जागेत नवरा सरळ उभा राहिला आणि खूश झाला. ती बाहेर जाऊन खाली बघत होती. या फुल्मारला दोन कील होत्या, आणि वाऱ्याच्या तोंडावर जाताना दोन कीलची बोट कॉन्टेसासारख्या एका खोल कीलच्या बोटीहून बाजूला जास्त घसरते. शिवाय आइल ऑफ वाइटवरच्या काउज वीक या शर्यतींच्या मेळ्यात कॉन्टेसांची वेगळी शर्यत असते: सगळ्या एकसारख्या, पहिली येईल ती जिंकली. फुल्मारने हँडिकॅपवर, वेगवेगळ्या बोटींत पळायचं आणि निकाल गणितातून काढायचा. "मला पुढची बोट डोळ्यांनी गाठायची आहे," ती म्हणाली. मला हे पटलं.

जेवणानंतर मी त्यांना मरीनाच्या, म्हणजे बोटी लावून ठेवायच्या बंदराच्या, ऑफिसला फोन करायला लावला. उत्तर मला माहीत होतं, पण त्यांनी ते स्वतः ऐकायला हवं होतं. अधूनमधून रात्री झोपा, घर करू नका; करारातच लिहिलंय. कायम राहण्याच्या जागा मोजक्या आणि त्यांना प्रतीक्षायादी.

मग नवऱ्याने खाडीतल्या स्वस्त मुरिंगचा, म्हणजे पाण्यातच बोट बांधून ठेवायच्या जागेचा, विषय काढला. ओहोटीला तिथे नुसता चिखल उरतो. एका कीलची बोट कुशीवर कलंडते, दोन कीलची उभी राहते. म्हणजे राहायला फुल्मारच. मुक्कामाची परवानगी तिथेही विचारावीच लागली असती, पण अडचण त्याआधीची होती. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. रेडिंगची गाडी सरकत नाही. आज सातला होडीने काठावर आलात, तर आठवड्याने त्याच वेळी होडी आणि तुम्ही चिखलात. मोबाइलवर भरतीचं कोष्टक आणि रेल्वेचं वेळापत्रक शेजारी शेजारी उघडून दोघं बराच वेळ बसले.

"भाडं भरत राहू," शेवटी तोच म्हणाला.

राहण्याचा प्रश्न गळला तसं फुल्मारचं पारडं हलकं झालं. कॉन्टेसाचा पूर्ण सर्व्हे पुढच्या आठवड्यात आहे. ओल पट्ट्यांपुरतीच असेल तर तेवढा डेक उघडून नवं लाकूड बसवता येईल आणि खर्च किमतीतून वळता करता येईल. डोलकाठीच्या पायथ्यापर्यंत पोचली असेल, तर दुसरी कॉन्टेसा शोधा असं मी त्यांना सांगून ठेवलंय. बांधल्या गेल्यात 700 च्या आसपास, आणि त्यातल्या पुष्कळ अजून पाण्यात आहेत.