चादर बदलायच्या आधी

लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात मी गॅलरी असिस्टंट होते तेव्हाची गोष्ट. काम म्हणजे खोलीत उभं राहायचं, कोणी हात लावत नाही ना बघायचं, कोणी काही विचारलं तर सांगायचं. २०१५ मधे ट्रेसी एमिन या ब्रिटिश कलाकार बाईचा 'माय बेड', म्हणजे तिचा स्वतःचा पसारा पडलेला बेड, कलाकृती म्हणून तिकडे परत आला, आधी १९९९ मधे टर्नर प्राइझच्या (ब्रिटनमधला मोठा कला पुरस्कार) प्रदर्शनात होता. प्राइझ त्या वर्षी स्टीव्ह मॅक्वीनला मिळालं पण लोकांच्या लक्षात राहिला तो बेडच. तेव्हा दोन कलाकारांनी त्या बेडवर चक्क उड्या मारल्या होत्या, उशा फेकत, आणि बघणाऱ्या काहींना वाटलं हा पण कार्यक्रमाचाच भाग असेल! त्यामुळे तिथे ड्यूटी असली की जरा ताणच असायचा.

ज्यांनी पाहिला नाहीये त्यांच्यासाठी सांगते. १९९८ मधे एमिन लंडनमधल्या वॉटर्लूच्या कौन्सिल फ्लॅटमधे (पालिकेच्या भाड्याच्या घरात) राहत होती, एक नातं तुटलं आणि ती काही दिवस बेडमधून उठलीच नाही, नुसती दारू पीत पडून होती. नंतर पाणी प्यायला उठली आणि परत येऊन स्वतःच्या बेडकडे बघितलं, तर ते सगळं जसंच्या तसं तिने उचलून गॅलरीत मांडलं. चुरगळलेल्या डाग पडलेल्या चादरी, व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या, सिगरेटची थोटकं, गर्भनिरोधक गोळ्या, कंडोम, रक्ताचे डाग असलेली अंडरवेअर, सपाता, एक छोटं सॉफ्ट टॉय. आजही नव्या ठिकाणी बेड लावायचा असेल तर ती स्वतः येऊन लावते, म्हणजे तो पसारा तिच्यासाठी पसारा नाहीये, कुठली वस्तू कुठे याचा तिचा हिशोब पक्का आहे, आणि हे रोज तिथे उभं राहून मला फार जाणवायचं.

लोकांचं बोलणं मात्र ठरलेलं. केवढ्याला गेला? (२०१४ मधे क्रिस्टीजच्या लिलावात २५ लाख पौंडांच्या वर, त्याआधी चार्ल्स साची या कलासंग्राहकाने १,५०,००० पौंडांना घेतला होता.) खरंच तिचंच सामान आहे का? आणि मग तो शेरा, माझ्या मुलीची खोली पण अशीच असते. शेजारच्या भिंतीवर फ्रान्सिस बेकन या चित्रकाराची दोन चित्रं होती, एमिननेच निवडलेली, १९५२ चं कुत्र्याचं आणि १९६१ चं 'रिक्लायनिंग वुमन'. त्यात अंग कसं पिळवटलंय बघा, पण ते रंगात आहे म्हणून त्याच्यापुढे नाक मुरडताना मी कोणालाच पाहिलं नाही.

तर त्या दुपारी एक जाडजूड माणूस आला, पन्नाशीचा, कामाचे बूट घातलेला. बेडच्या एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला गेला, मग वाकून टेबलाखाली बघायला लागला म्हणून मी जवळ गेले, तर म्हणाला काळजी करू नका, हात लावणार नाही, माझं कामच हे आहे. म्हणलं काय काम? तर म्हणाला मेलेल्या माणसांची घरं रिकामी करतो. नातेवाईक किल्ली देतात, हे लोक गाडी घेऊन जातात, काळ्या पिशव्या भरतात आणि संध्याकाळी घर मोकळं.

मग तो जे बोलला ते मी विसरूच शकत नाही. म्हणाला, इतकी वर्षं झाली, कित्येक बेडरूम मी पाहिल्यात पण अशी एकही पाहिली नाही. मला आधी कळेचना, कारण सगळे नेमकं उलट म्हणतात ना, की असं घराघरात असतं. तर म्हणाला, असतं हो, पण आम्ही पोचतो तोवर कोणीतरी आधी येऊन गेलेलं असतं. बहीण, मुलगा, शेजारीण, कोणीतरी. बाटल्या गेलेल्या असतात, गोळ्या गेलेल्या असतात, आतले कपडे गेलेले असतात, पत्रं तर पहिली जातात. उरतं ते फर्निचर आणि भांडी. त्यावरून ओळखायचं कोण राहत होतं ते.

आणि मग एक घर सांगितलं. तरुण मुलगी गेलेली, एकटी राहायची. किल्ली आईने दिली. हा आत गेला तर बेडवर नवीकोरी चादर, घडीच्या रेषा अजून दिसत होत्या. गादी टाकूनच द्यायची होती, आईला माहीत होतं टाकूनच द्यायचीये, तरी आदल्या दिवशी येऊन चादर बदलून गेली. परक्या माणसाने मुलीचा बेड तसा बघू नये म्हणून.

आपल्याकडे पाहुणे यायच्या आधी नाही का आपण धावत जाऊन चादर झटकतो, तेच हे, फक्त त्या आईने ते मेलेल्या मुलीसाठी केलं. मला काय बोलावं सुचेना.

तेवढ्यात मागे उभी असलेली एक बाई, साठीच्या आसपासची, ती सगळं ऐकत होती. ती म्हणाली, बरोबर केलं आईने, आणि हिने हे असं चारचौघात मांडायला नको होतं. हा माणूस तिच्या बाजूने बोलेल असं मला वाटलं होतं पण तो म्हणाला, आई बरोबर होती कारण मुलीला विचारायची सोय नव्हती. इथे कोणी हिचा ड्रॉवर उघडलेला नाही, हिने स्वतः उघडलाय, जिवंतपणी, स्वतःच्या नावानिशी. फरक आहे.

मला हे एकदम पटलं, अजूनही पटतं. 'कोणीही करेल' म्हणणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं की बेड कोणाचाही असा होतो, पण तो तसाच ठेवून दार कोणी उघडत नाही, सगळे आधी चादर बदलतात. आणि बाईने दार उघडलं की तिला निर्लज्ज म्हणणारे जास्त निघतात हेही मी तिथेच उभी राहून रोज ऐकलंय.

तो माणूस गेला, बाई मात्र थांबली. मी तिला एमिनच्या तंबूबद्दल सांगितलं, १९९५ चा, आतून नावं शिवलेली होती, १९६३ ते १९९५ मधे ज्यांच्या ज्यांच्यासोबत ती झोपली त्या सगळ्यांची. लोक शीर्षक वाचून भलतंच समजले, प्रत्यक्षात त्यात तिची आजी होती, जुळा भाऊ होता, गर्भपात झालेली दोन बाळं होती, सोबत झोपणं म्हणजे कुशीत झोपणंसुद्धा. १०२ नावं. २००४ मधे लंडनमधल्या गोदामाच्या आगीत तो जळाला आणि तिने परत करायला नकार दिला. मला वाटलं हे ऐकून बाई जरा निवळेल.

बाईने शांतपणे विचारलं, ती १०२ माणसं, त्यांना विचारलं होतं का? या बेडवर पण ती एकटीच नव्हती ना, दुसऱ्याची पण काही लाज त्यात असेल, ती पण हिचीच का?

मी म्हणलं, आयुष्य तिचं आहे तर त्यातली माणसं पण तिच्या गोष्टीत येणारच. बाई म्हणाली, मग त्या आईने आपल्या मुलीचा बेड तसाच दाखवला असता तर तोही आईच्या आयुष्याचा भाग म्हणून चालला असता का? मी म्हणलं नाही, ते वेगळं. का वेगळं, ती म्हणाली. मेलेलं माणूस उत्तर देऊ शकत नाही म्हणून, मी म्हणलं. तर म्हणाली, त्या दोन बाळांनी कुठे दिलं?

माझी ब्रेकची वेळ होऊन गेली होती, बदलीचा सहकारी येऊन उभा होता, तरी आम्ही दोघी तिथेच बोलत राहिलो. तिचं मत मला आजही मान्य नाही पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरं उत्तरही नाही, आणि त्यानंतर त्या बेडबद्दल कोणाला सांगताना मी तंबूची गोष्ट सांगितली की हा प्रश्न पण सोबत सांगते.