तुम्ही विचारलंत म्हणून: स्कोपचे स्क्रू सारखे सैल का होतात

"लॉकटाईट कुठलं लावू, निळं की लाल?" स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवलेला माणूस भेटला की हा प्रश्न ठरलेला (लॉकटाईट म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, निळं साध्या पान्याने सुटतं, लाल सुटत नाही), आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळाल्यापासून तर विचारणारे वाढलेत (त्याच्या रायफलवर स्कोप नव्हता, ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही, पण ते असो). मी "निळं" म्हटलं की माणूस पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन बाटली घेतो, थोड्या दिवसांनी परत येतो, परत सैल. आणि मी आणखी काही सांगायला गेलो की "सर तुम्ही फार खोलात जाता". हो, जातो. कारण तुम्ही बाटलीचं नाव विचारताय आणि दुखणं दुसरीकडेच आहे.

आधी जोड सरकतो, मग स्क्रू सुटतो. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने हे मशीनवर दाखवून दिलंय, दाबून धरलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकायला लागले की स्क्रू आपोआप उलटा फिरतो, उभ्या हादऱ्याने तेवढा फिरत नाही. भोसरीच्या टूलरूममध्ये माझं आयुष्य गेलं, तिथे हे रोज दिसतं. स्प्रिंग रायफलला तर दोन धक्के, आतला स्प्रिंगने ढकललेला पिस्टन सुटला की रायफल मागे आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबला की तीच रायफल झटक्यात पुढे. जड स्कोप त्या झटक्याबरोबर पुढे यायला तयार नसतो, म्हणून माउंट (वर रिंगमध्ये स्कोप धरणारा आणि खाली जबड्याने रायफलला आवळलेला भाग) रेलवर, म्हणजे रायफलवरच्या पट्टीवर, थोडं थोडं मागे सरकत राहतं.

"चार स्क्रूंचं काय एवढं" म्हणणाऱ्यांनी माझ्या भाच्याचं ऐकावं. नवीन रायफल, दुकानातूनच स्कोप बसवून आणलेला. सासवडजवळ आमच्या शेतावर सराव करायचा. सकाळी झिरो केलं (छर्रा स्कोपच्या नेमावर जुळवला) की दुपारपर्यंत छर्रे भलतीकडे. बघणारे सगळे त्यालाच शिकवायला लागले, श्वास रोख, ट्रिगर ओढू नकोस दाब, तुझा हात हलतो. पोरगं ऐकत गेलं. दुकानात परत नेली तर त्यांनी सगळ्या स्क्रूंत लाल लॉकटाईट ओतून दिलं आणि "आता हलणार नाही" म्हणून सांगितलं. स्क्रू खरंच हलले नाहीत. छर्रे मात्र तसेच. पावसाळ्यात त्याने रायफल माळ्यावर टाकली आणि मला म्हणाला, "मामा, मला जमतच नाही ना?" त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी ती खाली काढून खिडकीपाशी उजेडात धरली. रेलच्या काळ्या पॉलिशवर माउंटच्या पुढे चकचकीत घासलेली पट्टी, दोनेक मिलिमीटरची. मागच्या माउंटखालची पिन, जी त्याला सरकू देत नाही, ती रेलच्या भोकात उतरवलेलीच नव्हती, वरच्या वर अधांतरी. एका ॲलन स्क्रूचं डोकं आतून गोल झालेलं. लाल लॉकटाईट नुसत्या पान्याने सुटत नाही, जबरदस्ती केली तर आटे जातात, म्हणून सोल्डरिंग गनचं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरून बसलो, स्कोपच्या काचेला आच लागू नये म्हणून एकेक स्क्रू, मध्ये थांबत. माउंट सुटलं तर खाली गंज न लागायचं कंपनीचं तेल जसंच्या तसं, बोट फिरवलं तर बोट काळं. म्हणजे स्क्रू सिमेंटसारखे घट्ट आणि माउंट तेलावर घसरतंय. पोराचा हात कधीच हलत नव्हता.

तर मी काय करतो ते असं. रेल, माउंटचा जबडा, स्क्रू, आटे सगळं ॲसिटोनने पुसून कोरडं. पिन भोकात, आणि माउंट मागे ओढून पिन टेकलीय ना ते बघून मगच आवळायचं. रिंगचे स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे. बहुतेक कंपन्या रिंगला १५ ते १८ इंच-पाउंड टॉर्क (आवळायचा पीळ) सांगतात, म्हणजे जेमतेम दोन न्यूटन मीटर, अंदाजाने आवळणारा हात हे हमखास ओलांडतो आणि स्कोपची नळी चेपते. ठरलेल्या टॉर्कलाच आवळणारा टॉर्क ड्रायव्हर महाग आहे, मान्य, चौघांत एक घ्या. शेवटी स्क्रूपासून रिंगवर नेलपॉलिशची एक रेघ. रेघ तुटली तर नुसतं पिळू नका, खोला आणि काय सरकलं ते बघा. रेघ शाबूत असून ग्रुप (छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका) सरकला तर रेल बघा.

आता लॉकटाईट. पूर्वी मी ठासून सांगायचो की लावूच नका, जोड नीट असेल तर गरज काय, आणि ओल्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त ताण देतो हेही खरंच आहे. आज मी माउंटच्या खालच्या स्क्रूंना निळ्याचा एक थेंब लावतो, टॉर्क जरा कमी करून. का लावतो? स्प्रिंग रायफलवर मन धजत नाही म्हणून, एवढंच प्रामाणिक उत्तर. रिंगच्या वरच्या स्क्रूंना अजून कोरडंच ठेवतो, आणि भाचा म्हणतो तिथेही लावा. यावर आमचं दर रविवारी वाजतं.