राहत्या घरातल्या खोल्या भाड्याने देताना

मुलं शिकायला बाहेर पडली तशा दोन खोल्या रिकाम्या झाल्या, घराचा खर्च मात्र होता तेवढाच राहिला. म्हणून खोल्या भाड्याने द्यायचं ठरवलं. अख्खं घर भाड्याने दिलं की मालकाचा संबंध महिन्यातून एखाद्या वेळी येतो. इथे भाडेकरू रोज सकाळी आपल्याच ओट्यापाशी उभा असणार होता.

आधी कागदपत्रं पाहिली. गृहकर्जाच्या आणि घराच्या विम्याच्या अटी वाचल्या. पैसे देऊन कोणी राहायला येणार असेल तर अनेक विमा कंपन्यांना तसं कळवावं लागतं, नाहीतर पुढे दावा अडकू शकतो. भाडं हे उत्पन्नच, त्यामुळे कराचंही विचारून घेतलं. मालक त्याच घरात राहत असेल तर राहायला येणाऱ्याचे कायदेशीर हक्क बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात, म्हणून करारनामा वकिलाकडूनच करून घेतला.

जाहिरातीत गैरसोयी आधी लिहिल्या: न्हाणीघर एकच, घरात म्हातारी आई, रात्री मोठा आवाज चालणार नाही. फोन कमी आले, पण जे आले ते विचार करून आलेले होते. खोली दाखवायला मी मुद्दाम सकाळच्या गडबडीत बोलवत असे. संध्याकाळी निवांत बसून सगळेच एकमेकांना आवडतात. उठता कधी, रात्रपाळी असते का, मुक्कामाला कोण येतं, हे मी विचारलं आणि आमच्याबद्दलही तेवढंच सांगितलं. आधीच्या घरमालकांना फोन केला. आईचं मतही घेतलं, कारण दिवसभर घरात तीच असते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो विजेच्या बिलावर. सरसकट समान वाटणी सोपी, पण एका खोलीत एसी आणि दुसरीत पंखा असेल तर ती न्याय्य नाही. मी हिशेब मांडून दाखवला. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की १ युनिट जातं. दीड टनाचा एसी तासाला साधारण १ ते १.५ युनिट घेतो, म्हणजे आठ तासांच्या रात्रीत दहाच्या आसपास. आणि १० वॅटचा एलईडी दिवा १ युनिट खायला १०० तास घेतो. तेव्हा चालू राहिलेल्या दिव्यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही असं ठरलं. एसीच्या खोलीला सबमीटर, म्हणजे फक्त त्या खोलीची वीज मोजणारा वेगळा मीटर बसवला, बाकीचं बिल माणशी वाटलं.

डिपॉझिट घेताना खोलीतली प्रत्येक वस्तू लिहिली, भिंती, गादी, कपाट यांचे फोटो काढले आणि ते दोघांच्याही फोनमध्ये ठेवले.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते खोलीचं. भाडं घेतलं की ती खोली आपली राहत नाही, आणि हे मनाला पटवायला मालकालाच कष्ट पडतात. म्हणून कोणी राहायला येण्याआधी तिथल्या कपाटातलं, माळ्यावरचं आमचं सगळं सामान हलवलं. ‘एक मिनिट, माझी बॅग काढते’ म्हणून आत जायचं निमित्तच ठेवलं नाही. दाराला आतून कडी आणि बाहेरून कुलूप. दुसरी किल्ली माझ्याकडे असते, पण ती आग लागली, पाणी तुंबलं अशा प्रसंगापुरतीच, हे करारात आहे. एरवी दार वाजवायचं आणि उत्तर आलं नाही तर परत फिरायचं. आईलाही हे सांगावं लागलं. तिला आधी ते परकेपणाचं वाटलं, पण पुढे तिच्या खोलीचं दारही सगळे वाजवू लागले आणि ते तिला आवडलं.

आमच्याकडे राहणारी पहिली भाडेकरू मुलगी नोकरी बदलून गेली तेव्हा करारातल्या नोटिशीप्रमाणे महिनाभर आधी तिने कळवलं. जाताना आम्ही दोघींनी फोटो समोर ठेवून खोली पाहिली. कपाटामागचा ओलीचा डाग जुनाच होता, फोटोत स्पष्ट दिसत होता. डिपॉझिट त्याच दिवशी परत केलं. आता त्या खोलीत तिनेच सुचवलेली तिची मैत्रीण राहते.