नारळ फुटला एकदाचा

आज आमच्या नगरपालिकेच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन. पत्रिकेत दहाची वेळ, पाहुणे आले पावणेबाराला. तोवर मांडवात कुंद्याच्या, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईच्या, बॉक्सची दोनदा मोजणी झाली. नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला आणि पाणी नेमकं इंजिनिअरच्या बुटावर.

नगराध्यक्षांनी भाषण कन्नडमध्ये सुरू केलं. निधी, मजले, पार्किंग. मागं आमच्या रांगेत चुळबुळ. मग त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि सरळ मराठीत आले, तेही आपल्या बेळगावी मराठीत, ‘काय की’ सकट. आपले वडील घरपट्टी भरायला सायकलवरनं यायचे, पावती कन्नडमध्ये मिळायची, ती वाचून घ्यायला शेजारच्या मास्तरांकडे जायचे, म्हणाले. माझ्या बाजूच्या काकांनी टोपी सारखी केली आणि पहिली टाळी वाजवली.

भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असले की महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, असं कागदावर कधीपासून आहे. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, उभा राहिला, तरी आईला नोटीस आली की अजून मलाच वाचून दाखवावी लागते. नव्या इमारतीवर पाटी कुठल्या भाषेत, हे मात्र नगराध्यक्ष बोलले नाहीत. काकांनी विचारायला हात वर केला, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं.

कुंदा मात्र झकास होता.