स्लॅबखालची हवा

बेसमेंटच्या कामासाठी बोलावणारी माणसं पहिल्या भेटीत जमिनीकडे बघत नाहीत. त्यांचे हात भिंतींकडे आणि छताकडे जातात. इथे स्क्रीन, तिथे स्पीकर, जिन्याखाली छोटा फ्रीज, मधे टेबल टेनिस. मी हो हो म्हणत वहीत टिपून घेतो आणि नजर कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवत राहतो.

पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर काउंटीत, एक्स्टन-डाउनिंगटाउनच्या पट्ट्यात, मी हे काम करतो. डिप्लोमा सिव्हिलचा, इचलकरंजीकडचा. इथे हिवाळ्यात जमीन गोठते, गोठलेली माती फुगते आणि वरचं बांधकाम उचलते. म्हणून पाया निदान तीनेक फूट खाली न्यावाच लागतो. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून आख्खा मजलाच पदरात पाडून घ्यावा, असा हा हिशेब. बिल्डर मात्र तो मजला कोराच ठेवतो. काँक्रीटच्या उघड्या भिंती, डोक्यावर लाकडी जॉइस्ट आणि पत्र्याचे डक्ट, एका अंगाला फर्नेस, मुख्य तुळईखाली लोखंडी खांब, कोपऱ्यात सम्प पंपाचा, म्हणजे खाली साचणारं पाणी उपसून बाहेर टाकणाऱ्या पंपाचा खड्डा. बाकी सगळा पसारा घरमालकाचा. न उघडलेली खोकी, सायकली, मुलांची लहानपणची खेळणी.

हे घर सांगलीकडच्या कुटुंबाचं. नवरा-बायको दोघंही औषध कंपन्यांत, दोन शाळकरी मुलं, आणि सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील. मागण्या भरपूर होत्या. सिनेमासाठी मोठा पडदा, कॅरमला चांगला दिवा, मंडळाच्या एकांकिकेच्या तालमीला मोकळी जागा, गणपतीत शंभरेक माणसं मावावीत, आणि मागच्या बाजूला आई-बाबांना स्वतंत्र खोली. प्रोजेक्टर आणि मागे रेलणाऱ्या खुर्च्या सेलमध्ये घेऊन गॅरेजमध्ये आधीच येऊन पडल्या होत्या. असं गिऱ्हाईक घाईत असतं. खोकी रोज डोळ्यांसमोर असतात ना.

वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात धरणांच्या आणि कालव्यांच्या कामावर गेलेली. मुलगा मला पडद्याची जागा दाखवत होता तेव्हा काका बॅटरी घेऊन उत्तरेच्या भिंतीशी उकिडवे बसले होते. भिंतीच्या बुडाशी पांढरी बुरशीसारखी भुकटी होती. ती त्यांनी नखानं खरवडली, बोटांत चुरडली आणि म्हणाले, "लोणा लागलाय. पाणी येतंय हिकडनं."

बरोबर होतं. काँक्रीटमधून पाणी पाझरतं, वाटेतले क्षार विरघळवून आत आणतं, मग पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतो. आम्ही बाहेर जाऊन पाहिलं. छपराच्या पन्हाळीचा पाइप थेट पायाशी ओतत होता आणि मातीचा उतार घराकडेच होता. नियम उलटा आहे: पहिल्या दहा फुटांत माती सहा इंच तरी बाहेरच्या बाजूला उतरली पाहिजे. पाइप लांब नेला, माती भरून उतार फिरवला. आत जमिनीवर पॉलिथिनचे तुकडे चारी बाजूंनी चिकटवून ठेवले. पुढच्या पावसानंतर उचलले तर खाली कोरडं. पाण्याचा प्रश्न मिटला.

पाणी निदान दिसतं. माझ्या प्रत्येक अंदाजपत्रकात पहिली ओळ रेडॉन वायूच्या टेस्टची असते, आणि बहुतेक वादावादी त्याच ओळीवर होते. मुलगा हसून म्हणाला, "दादा, पाइप आहे की आपल्याकडे." फर्नेसच्या मागे खरंच पांढरा पीव्हीसी पाइप स्लॅबमधून, म्हणजे बेसमेंटच्या काँक्रीटच्या जमिनीतून वर आला होता आणि सगळे मजले भेदून छपराबाहेर गेला होता. त्यावर 'रेडॉन सिस्टिम' असं चकचकीत स्टिकरही होतं. घर घेताना बिल्डरच्या माणसानं त्याकडे बोट दाखवून काळजी मिटवली होती. टेस्ट कुणी केली नव्हती.

रेडॉन हा जमिनीतलं युरेनियम टप्प्याटप्प्यानं विघटित होत जातं त्या उतरंडीतला वायू. रंग नाही, वास नाही. मातीतून, खडकाच्या भेगांतून वर येतो आणि मोकळ्या हवेत विरून जातो. घराखाली मात्र त्याला वाट मिळते. थंडीत घरातली गरम हवा वर चढून माळ्यातून निसटते. तिची भरपाई करायला सगळ्यात खालचा मजला कुठून मिळेल तिथून हवा ओढतो, आणि त्यात स्लॅबखालची हवाही येते. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे तेवढ्या वेळात तो निम्मा उरतो. त्यातून पुढे जी मूलद्रव्यं तयार होतात ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथेच किरण सोडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा की देशात फुप्फुसाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू यामुळे होतात. सिगारेटनंतरचं हे दुसरं मोठं कारण. लिटरभर हवेमागे ४ पिकोक्युरीच्या (हे किरणोत्सर्गाचं माप) वर आकडा गेला की उपाय करा, असं ही संस्था सांगते.

एवढं सांगितलं की काही लोकांच्या चेहऱ्यावर मी चेटूक करतोय असा भाव येतो. मुलगा भला, तोंडावर बोलला नाही, पण बिल वाढवायचं निमित्त वाटलं असणार. काकांनी मधे पडून निकाल लावला. "मोजायला काय जातंय? पाऊस न मोजता धरण कोण बांधतंय काय?"

आमच्या राज्यात पैसे घेऊन रेडॉन मोजायचा किंवा काढायचा तर पर्यावरण खात्याचं सर्टिफिकेट लागतं. माझ्याकडे ते नाही. ज्याच्याकडे आहे त्याला बोलावलं. खिडक्या बंद ठेवून दोन दिवस मीटर लावला. आकडा आला १७.८. मुलं सुटीत जिथे दिवस दिवस खेळणार, आजी-आजोबा जिथे झोपणार, तिथला हा आकडा. सूनबाईंनी त्याच संध्याकाळी फोन केला, "खुर्च्या राहू दे गॅरेजमध्ये. आधी हे करा."

ठरलेल्या दिवशी तो गृहस्थ ट्रक घेऊन सकाळीच हजर झाला. साठी ओलांडलेला, बॉयरटाउनकडे लहानाचा मोठा झालेला गोरा माणूस. काकूंनी त्याच्या हातात आल्याचा चहा दिला, तो त्यानं दोन घोटांत संपवला आणि कामाला लागायच्या आधी काकांना त्याच्या गावाकडची गोष्ट सांगितली. मी मराठीत करून सांगत होतो.

डिसेंबर १९८४. इथून फार लांब नाही, लिमरिकचं अणुवीज केंद्र तेव्हा नुकतं सुरू होण्याच्या बेतात होतं. तिथे स्टॅन्ली वॉट्रस नावाचे इंजिनिअर काम करत. अंगावर किरणोत्सर्ग आहे का हे तपासणारं यंत्र ते जवळ आले की वाजायचं. धुवा, पुसा, कपडे बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अखेर लक्षात आलं की केंद्रातून ते काही घेऊन जात नव्हते, घरून घेऊन येत होते. बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरात रेडॉन मोजला तेव्हा आकडा निघाला २,७०० पिकोक्युरीच्या आसपास. कुटुंबाला घर सोडावं लागलं, घराची दुरुस्ती झाली, मग ते परतले. आणि शेजारच्या घरात म्हणावं असं काही सापडलं नाही. घरातला रेडॉन देशभर मोजायला लागले ते या प्रकरणानंतर.

"शेजाऱ्याकडे नाही?" काकांनी दोनदा विचारलं. खडकाची भेग कुठून जाते, स्लॅबखाली खडी आहे की चिकणमाती, घर किती ओढतं, यावर सगळं अवलंबून. काकांना हे पटायला वेळ लागला नाही. एका विहिरीला पाणी आणि वीस पावलांवरची कोरडी, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं.

मग तो गृहस्थ पांढऱ्या पाइपकडे वळला. बेत सोपा होता: पाइपला माळ्यावर पंखा जोडायचा, स्लॅबखालची हवा घरात यायच्या आत ओढून छपरावर सोडायची. त्याआधी त्यानं पाइप गुडघ्याच्या उंचीवर कापला आणि आत बॅटरी मारली. बघितलं, सरकला, मला बघायला सांगितलं. फूटभर खाली राखाडी, गुळगुळीत तळ. लोखंडी सळई आत सोडून ठोकली तर टक्क वाजलं. काँक्रीट. स्लॅब ओतताना पाइपात रबडी शिरली होती आणि तिथेच घट्ट झाली होती. एवढी वर्षं तो पाइप छपरावर डोकं काढून उभा होता आणि खालून बुजलेला होता. वर स्टिकर होतंच.

मुलगा कामावरून व्हिडिओ कॉलवर होता. त्याला सळईचा आवाज ऐकवला. बराच वेळ तो काही बोललाच नाही, मग बिल्डरचा उद्धार केला. तो इथे लिहिण्याजोगा नाही.

आता नवीन भोक पाडायचं. कुठे, हा खरा प्रश्न. खडी असेल तिथे एका भोकानं आख्खा मजला ओढता येतो, चिखल असेल तर पाच भोकं पाडूनही हाती काही लागत नाही. सम्पच्या बाजूला खडी असणार असा आमचा अंदाज होता. हिऱ्याच्या दातांच्या कोअर ड्रिलनं पाच इंचाचं भोक पाडलं. चार इंच जाडीचा काँक्रीटचा गड्डा बाहेर काढला. हात घालून खालची खडी उपसली, बादलीभर तरी निघाली. त्या भोकाला मोठा व्हॅक्यूम लावला, त्याचं तोंड बाहेर अंगणात काढलं. मग सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, जिथे पडदा लागणार होता तिथे, अर्ध्या इंचाचं छोटं भोक पाडलं. इथपर्यंत ओढ पोचते का, हे धुरानं बघायचं.

त्याच्याजवळ धुराची बाटली होती, पण ती दाबली की ढेकर दिल्यासारखा एक झोत यायचा आणि विरायचा. काकू जिन्यावर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "धूरच पाहिजे ना? उदबत्ती आणू का?" मी भाषांतर करायच्या आत वर जाऊन घेऊनही आल्या, मोगऱ्याची.

काकांनी ती भोकापासून बोटभर अंतरावर धरली. व्हॅक्यूम बंद होता तेव्हा धूर सरळ वर, उलट किंचित बाहेरच्या बाजूला ढकलल्यासारखा. म्हणजे खालची हवा आत येत होती. मी स्विच दाबला. दोनेक सेकंद काही नाही. मग धुराची ती रेघ वाकली, आडवी झाली आणि दोऱ्यासारखी सरळ भोकात गेली. चाळीस फुटांवरचा व्हॅक्यूम ती ओढत होता. काकांनी उदबत्ती लांब नेली, जवळ आणली, पुन्हा लांब नेली. मला स्विच बंद करायला लावला, पुन्हा चालू करायला लावला. मग म्हणाले, "धरणाच्या पोटात गॅलरी असतीया, तिथनं आम्ही खालच्या पाण्याचा दाब काढून घेतो, न्हाईतर पाणी धरणाला खालनं उचलतंय. ह्ये तसंच की." हे मी त्या गृहस्थाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तीस वर्षं मी लोकांना समजावतोय, एवढ्या कमी शब्दांत मला कधी जमलं नाही. जाताना उदबत्तीचा पुडा मागून घेऊन गेला.

पुढचं काम पटापट झालं. जुन्या पाइपचा वरचा भाग धडधाकट होता, नवीन भोकापासून आडवा पाइप नेऊन त्याला जोडला. माळ्यावर पंखा बसवला. तो चोवीस तास चालतो आणि जुन्या साध्या बल्बाएवढी वीज खातो. सम्पवर रबर लावून झाकण घट्ट केलं, भिंत आणि स्लॅबच्या सांध्यात सीलंट भरलं. पाइपवर काचेची यू आकाराची नळी, आत लाल द्रव. दोन्ही बाजूंच्या पातळीत दीड इंचाचा फरक दिसला की पंखा ओढतोय असं समजायचं. पुन्हा मोजलं तेव्हा आकडा १.१.

मुलाला तो पाइप आणि नळी प्लायवुडच्या पेटीत बंद करून दिसेनाशी करायची होती. काकांनी हाणून पाडलं. मी पेटी केली, पण नळीपुरतं दार ठेवलं. सिनेमाच्या पडद्याच्या डाव्या अंगाला ते आहे आणि पाहुणे हमखास विचारतात.

आई-बाबांच्या खोलीचा प्रश्न काकूंनीच सोडवला. बेसमेंटमधून थेट अंगणात जाणारं लोखंडी दार होतं, त्यामुळे खेळायच्या जागेची अडचण नव्हती. पण कुणी झोपणार असेल तर त्या खोलीला आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी स्वतःची खिडकी लागते. किमान ५.७ चौरस फुटांचं मोकळं तोंड, आणि खालची चौकट जमिनीपासून ४४ इंचांच्या वर नको. म्हणजे काँक्रीटची भिंत कापायची आणि बाहेर विहिरीसारखा खड्डा करायचा. मी खर्च सांगितला. काकू म्हणाल्या, "आग लागल्यावर मी खिडकीतनं उडी मारू व्हय? आम्ही वरच्या ऑफिसात झोपतो, ह्यांचं ऑफिस खाली न्या." खिडकीचा खर्च वाचला आणि मुलाला कॉलसाठी शांत खोली मिळाली. टाउनशिपच्या इन्स्पेक्टरनं नकाशातला बदल मंजूर केला. मग भिंतींना फोम, त्यापुढे लाकडी फ्रेम, जमिनीपासून अर्धा इंच वर ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते. हे सगळं एरवीसारखंच. टेबल टेनिसच्या टेबलाशेजारी एक लोखंडी खांब येतो, तो काढा म्हणून मुलं अजून मागे लागतात. आख्खं घर त्यावर आहे.

गणपतीत तिथे आरती झाली आणि त्या पेटीची बातमी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर फिरली. फोन सुरू झाले. पहिला फोन चार घरं सोडून राहणाऱ्या, त्याच बिल्डरचं घर घेतलेल्या गृहस्थांचा. त्यांच्याकडे मोजलं तर १.६ आला. पाइप तपासायची, पंखा लावायची गरज नाही, दोन वर्षांनी पुन्हा मोजा, असं सांगून तो सर्टिफिकेटवाला निघून गेला. गृहस्थांना ते रुचलं नाही. "त्यांच्याकडे सतरा आणि आमच्याकडे दीड? मीटर नीट बघा हो," असं त्यांनी मला दोनदा फोन करून सांगितलं, आणि आता स्वतः विकत आणलेला दुसरा मीटर लावून बसले आहेत.