‘समजून घेणे’ मी खोडते

काल गोदामातल्या ड्रायव्हर लोकांसाठी फोर्कलिफ्ट सेफ्टीचा ऑनलाइन कोर्स तयार करत होते, एसएमई (म्हणजे विषयातले तज्ज्ञ) सरांनी ८४ स्लाइड्स पाठवल्या आणि पहिलाच उद्देश ‘सुरक्षितता समजून घेणे’. आता समजलं हे मोजायचं कसं? ब्लूमची टॅक्सॉनॉमी, म्हणजे शिकण्याच्या उद्देशांची पायऱ्यांमधली वर्गवारी, १९५६ची, पण अजून कामाला येते. ‘समजून घेणे’ खोडून मी लिहिलं, ‘गाडी सुरू करण्याआधी ब्रेक, हॉर्न, फोर्क, टायर तपासतो’, आणि निम्म्या स्लाइड्स आपोआप गळल्या. मग स्टोरीलाइन या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सीन केला, टायरला चीर, सुपरवायझर घाई करतोय, तू काय करशील? चुकीचं उत्तर दिलं की नुसती लाल फुली नाही, पुढे काय होतं ते दिसतं, मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सर आधी नाराज होते, मग स्वतःच म्हणाले, अहो मॅडम, पार्क करताना फोर्क जमिनीला टेकवायचे, तेवढं टाकाच. लगेच टाकलं.