ला पाझ: न थांबणाऱ्या दोरावरून

बोलिव्हियातल्या ला पाझ शहराच्या तेलेफेरिकोत, म्हणजे तिथल्या रोपवेत, चढताना पहिल्यांदा हेच कळतं की पाळणा पूर्ण थांबत नाही. दार उघडं ठेवून तो स्टेशनात रांगत असतो, आपण चालता चालता आत शिरायचं. समोरासमोर दोन बाकं, एकेकावर पाच जण. रायगडच्या रोपवेत माणसं चढेउतरेपर्यंत दोर थांबतो. इथे तो सेकंदाला 5 मीटरनं पळतच असतो. पाळणाच त्याला सोडतो.

ते बघायला लाल लाइनच्या (इथल्या मार्गांना रंगांची नावं आहेत) सेंट्रल स्टेशनात जरा मान वर करून उभं राहा. पाळण्याच्या माथ्यावर स्प्रिंगचा चिमटा असतो. स्टेशनात शिरताना त्याची दांडी रुळावर दाबली जाते, जबडा उघडतो, दोर सुटतो. पुढे रबरी टायरांची रांग पाळण्याला हळू करत नेते. बाहेर पडताना तेच टायर वेग वाढवतात, पाळणा दोराच्या वेगाला आला की चिमटा मिटतो. पकड नीट बसली का, हे तिथेच तपासलं जातं. खोट निघाली तर अख्खी लाइन उभी राहते. म्हणून अधांतरी मिनिटभर थांबलात तर घाबरू नका. बहुतेक वेळा कुणाचं तरी बोचकं दारात अडकलेलं असतं.

दर 12 सेकंदांनी एक पाळणा, म्हणजे दोन पाळण्यांत 60 मीटर. तासाला 300 पाळणे, एका दिशेला 3,000 माणसं. मुंबईकराला हसू येईल, गर्दीच्या वेळी एकाच लोकलमध्ये याहून जास्त कोंबलेली असतात. पण इथे साधारण 400 मीटरचा चढ आहे. बस वळणं घेत बसते, लाल लाइन दहा मिनिटांत वरच्या एल आल्तो शहरात पोचवते. कानांना मात्र दडे बसतात.

मे 2014मध्ये सुरू झालेली ही पहिली लाइन. वाटेत कब्रस्तान लागतं: शवपेट्यांचे मजल्यावर मजले, प्रत्येक कोनाड्याला काच, आत फुलं. खांब आला की चिमटा चाकांवरून खडखडत जातो, तो आवाज नेहमीचाच.

डिसेंबर ते मार्च पावसाचे दिवस. दुपारी विजा कडाडल्या की सेवा बंद होते, तेव्हा सकाळीच निघावं. वीज गेली तर डिझेल इंजिनावर पाळणे सावकाश स्टेशनात आणतात.

तिकीट घेतानाच किती लाइन बदलणार ते सांगायचं. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या लाइनला 3 बोलिव्हियानो (तिथलं चलन), पुढच्या प्रत्येकीला 2 होते. लालनं वर, 16 दे हुलिओ स्टेशनात रुपेरी, मिरादोरला पिवळी, लिबेर्तादोरला हिरवी: इर्पावीपर्यंत 9 बोलिव्हियानो. गुरुवारी किंवा रविवारी गेलात तर 16 दे हुलिओला बाहेर पडाच. जुन्या कपड्यांपासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंतचा बाजार स्टेशनाच्या दारातच सुरू होतो. परतीला मात्र नवं तिकीट.